वाचकांचे प्रश्न : इंग्रजी स्पेलिंग आणि जुन्या लहियांची लेखणी

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ‘कट’, ‘बस’, ‘रन’ या शब्दांत ‘अ’च्या उच्चारासाठी ‘यू’ हे अक्षर येते, एवढे मुलांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु ‘कम’, ‘सम’, ‘लव्ह’, ‘हनी’, ‘मंक’, ‘वंडर’ आणि मुलगा या अर्थाचा ‘सन’ या शब्दांत तोच उच्चार असताना ‘ओ’ का लिहायचा, असे एका विद्यार्थिनीने मला विचारले. ‘इंग्रजीत असेच असते’ याखेरीज मला काही सांगता आले नाही आणि ते मनाला लागून राहिले आहे. यामागे काही कारण आहे का?

उत्तर : कारण आहे, आणि ते डोळ्यांना दिसणारे आहे. आपण दिलेल्या शब्दांत ‘ओ’च्या आजूबाजूला कोणती अक्षरे आली आहेत ते आधी पाहू. ‘कम’ आणि ‘सम’ यांत ‘एम’ आहे, ‘सन’ आणि ‘हनी’ यांत ‘एन’, ‘मंक’मध्ये ‘एम’ व ‘एन’ दोन्ही, ‘लव्ह’मध्ये ‘व्ही’ आणि ‘वंडर’मध्ये एका बाजूला ‘डब्ल्यू’ व दुसऱ्या बाजूला ‘एन’. ही सारी अक्षरे एका कुळातली आहेत, कारण मध्ययुगातला लहिया ती सगळी आखूड उभ्या रेघा शेजारीशेजारी ओढून लिहीत असे.

बाराव्या-तेराव्या शतकापासून इंग्लंड आणि उत्तर युरोपातील ग्रंथलेखनात जी दाट, उभट, टोकदार वळणाची लिपी रूढ झाली, तिला आज गॉथिक म्हणतात. पिसाची लेखणी टोकाशी रुंद कापलेली असे, चर्मपत्र महाग असे आणि अक्षरे एकमेकांना खेटून बसवली जात. या लिपीचा पाया म्हणजे एक आखूड उभी रेघ. इंग्रजीत तिला ‘मिनिम’ असे नाव आहे. आपण तिला काना म्हटले तरी चालेल, कारण दिसायला ती देवनागरीतल्या कान्याच्या धाकट्या बहिणीसारखीच असते. ‘आय’ म्हणजे अशी एक रेघ, ‘एन’ म्हणजे दोन, ‘यू’ म्हणजेही दोन आणि ‘एम’ म्हणजे तीन. ‘एन’ वरच्या बाजूने जोडलेला असतो आणि ‘यू’ खालच्या बाजूने, हा फरक कागदावर सांगायला सोपा आहे. पण भरभर लिहिताना ही जोडरेघ केसासारखी बारीक होई किंवा उमटतच नसे. ‘आय’वर टिंब देण्याची सक्तीही नव्हती. त्यामुळे ‘मिनिम’ हा शब्दच त्या लिपीत लिहिला, तर तीन, एक, दोन, एक, तीन मिळून दहा सारख्या रेघांचे एक कुंपण तयार होते आणि त्यात कोणते अक्षर कुठे संपते ते वाचणाऱ्याने ताडायचे असते.

मी स्वतः तिरप्या कापाच्या बोरूने दुरेघी कागदावर हा शब्द लिहून पाहिला आहे. लिहून झाल्यावर कागद थोडा वेळ बाजूला ठेवला आणि पुन्हा पाहिला, तर माझे मलाच अक्षर लावता येईना. दहा रेघा मोजून मग मनातल्या मनात वाटण्या करत बसावे लागले. आपल्या वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. पाच मिनिटांत होतो, आणि पुढचे सारे सांगणे त्याने निम्म्यावर येते.

आता ‘लव्ह’कडे वळू. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘लुफु’ असा होता आणि मधल्या ‘एफ’चा उच्चार ‘व’कडे झुकलेला होता. पुढे त्या ‘व’साठी ‘यू’च लिहू लागले, कारण ‘यू’ आणि ‘व्ही’ ही त्या काळी दोन वेगळी अक्षरे मानली जात नव्हती. म्हणजे ‘एल’ आणि ‘ई’ यांच्यामध्ये ‘यू’ला लागून ‘यू’, अर्थात ओळीने चार रेघा. त्यांतल्या पहिल्या ‘यू’च्या जागी गोल ‘ओ’ घातला की रेघांची रांग तुटते आणि वाचणाऱ्याला शब्द लगेच सापडतो. ‘मंक’मध्ये तर पूर्वी ‘एम’, ‘यू’, ‘एन’ मिळून सात रेघा सलग येत. मधल्या दोन पुसून तिथे वर्तुळ आले, आणि डावीकडे तीन, उजवीकडे दोन अशी स्वच्छ फोड झाली. मुलगा या अर्थाचा शब्द जुन्या इंग्रजीत ‘सुनु’ असा होता. संस्कृतातला ‘सूनु’ आणि हा ‘सुनु’ एकाच मुळाचे आहेत, हे ‘वायुसूनु’, ‘पांडुसूनु’ असे शब्द ऐकलेल्या मुलांना आवर्जून सांगावे. (मराठीतली ‘सून’ मात्र ‘स्नुषा’पासून आलेली आहे, तिचा या कुटुंबाशी संबंध जोडू नये.) या ‘सुनु’तला पहिला ‘यू’ही पुढे ‘एन’च्या शेजारामुळे ‘ओ’ झाला.

लहियांनी नेमका ‘ओ’च का उचलला, याचे उत्तर त्यांच्या शिक्षणात आहे. १०६६मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार, न्यायालये आणि मठ यांतले लेखन मोठ्या प्रमाणावर फ्रेंच व लॅटिन वळणाच्या हातांत गेले. त्या लेखनात ‘उ’सारख्या उच्चारासाठी ‘ओ’ लिहिण्याची मुभा आधीपासून होती. याच हातांनी ‘क्वीन’च्या जुन्या ‘सी-डब्ल्यू’ची ‘क्यू-यू’ केली आणि ‘हाउस’च्या दीर्घ ‘ऊ’ला ‘ओ-यू’ दिला. त्यामुळे ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहिताना आपण काही चुकीचे करत आहोत, असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्या काळी या शब्दांतला स्वर ‘अ’ नव्हता, ‘उ’ होता : ‘कुम’, ‘सुम’, ‘सुन’. दक्षिण इंग्लंडात त्याचा आजच्यासारखा ‘अ’ सतराव्या शतकात झाला. उत्तर इंग्लंडातल्या बोलींत तो झालाच नाही. तिथे आजही ‘लव्ह’ आणि ‘कम’ आपल्या कानाला ‘लुव्ह’ आणि ‘कुम’ असे ऐकू येतात. म्हणजे या शब्दांत ‘ओ’चा उच्चार ‘ओ’ असा कधीच नव्हता. तो वाचकाच्या सोयीसाठी मध्ये ठेवलेला गोल आकार होता.

या साऱ्याचा सगळ्यांत सुंदर नमुना म्हणजे ‘वुमन’ हा शब्द. जुने रूप ‘वीफमन’. त्याचे ‘विम्मन’ झाले. एकवचनात ‘डब्ल्यू’च्या प्रभावाने ‘इ’चा ‘उ’ झाला, आणि ‘डब्ल्यू’, ‘यू’, ‘एम’ अशी रेघांची गर्दी होताच त्या ‘उ’साठी ‘ओ’ लिहिला गेला. अनेकवचनात मात्र उच्चार ‘विमिन’ असाच राहिला आणि स्पेलिंग तेवढे एकवचनाप्रमाणे बदलले. आज मुले ‘विमिन’ असे म्हणतात आणि ‘डब्ल्यू-ओ-एम-ई-एन’ असे लिहितात, तेव्हा त्यांच्या तोंडात जुना उच्चार असतो आणि वहीत लहियाचे वळण.

प्रश्न : ‘ओ’ हा रेघांच्या गर्दीमुळे आला, हे स्पष्टीकरण मी पूर्वीही वाचले आहे. मग ‘नन’ या शब्दात सहा रेघा असूनही ‘यू’ कसा राहिला? ‘अंडर’, ‘हंट’, ‘मस्ट’ यांचे काय? सूर्य या अर्थाचा ‘सन’ ‘यू’ने आणि मुलगा या अर्थाचा ‘ओ’ने, हे कसे? – एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे. लहियांची ही सवय होती. तो नियम नव्हता. एकाच शतकात, कधी एकाच पानावर, एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. शिवाय फ्रेंच वळणाने ‘ओ’ लिहिण्याची मुभा होतीच, म्हणून रेघा जिथे अडचण करत नव्हत्या तिथेही तो अधूनमधून आला. त्यामुळे रेघांच्या गर्दीला या बदलाचे एकमेव कारण म्हणणे मला मान्य नाही. ते एक खरे आणि बळकट कारण आहे, एवढेच म्हणावे.

आपण निवडलेली उदाहरणे मात्र या मताला बाधक नाहीत, उलट पोषक आहेत. इंग्रज कवी चौसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या आरंभीच ‘तरुण सूर्य’ येतो. १४व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या काव्यात सूर्याचा ‘सन’ ‘ओ’नेच लिहिला आहे, त्याच्याशी यमक जुळवणारा धावणे या अर्थाचा शब्दही ‘ओ’ने, आणि ‘यंग’मध्येही नुसता ‘ओ’च आहे. त्याच प्रस्तावनेत भेटणारी जोगीणही ‘नन’ अशी ‘ओ’ने लिहिलेली आहे. म्हणजे सूर्य, धावणे आणि जोगीण हे तीनही शब्द एकेकाळी ‘ओ’च्या गटात होते आणि नंतर ‘यू’कडे परत आले, ‘सन’ (मुलगा), ‘कम’, ‘लव्ह’ हे परतले नाहीत. समान उच्चाराचे दोन शब्द डोळ्यांना वेगळे दिसू लागल्याने वाचकांची मोठी सोय झाली : सूर्य आणि मुलगा, बेरीज या अर्थाचा ‘सम’ आणि काही या अर्थाचा ‘सम’, जोगीण आणि ‘कोणीही नाही’ या अर्थाचा ‘नन’.

याच संदर्भात ऑर्म नावाच्या एका मठवासीयाची आठवण ठेवण्यासारखी आहे. १२व्या शतकाच्या उत्तरार्धात, लिंकनशरच्या परिसरात, त्याने ‘ऑर्म्युलम’ हा दीर्घ पद्यग्रंथ लिहिला. त्याच्या हातची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. ऑर्मला उच्चाराची विलक्षण काळजी होती. ऱ्हस्व स्वरानंतरचे व्यंजन तो कटाक्षाने दोनदा लिही आणि पुढे जो कोणी नक्कल करील त्यानेही अक्षरे तशीच दोनदा लिहावीत, असे त्याने आरंभीच बजावून ठेवले होते. कानाला प्रमाण मानणारी, हजारो ओळी एकसारखी पाळलेली अशी स्पेलिंगची पद्धत त्या काळी दुसऱ्या कोणी केलेली नाही. तिची नक्कल करणारा लहिया मात्र कोणी पुढे आला नाही आणि इंग्रजी लेखन डोळ्यांच्या वाटेने गेले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

प्रश्न : शेवटच्या ‘ई’मुळे आधीचा स्वर दीर्घ होतो, असे मुलांना शिकवतात : ‘केक’, ‘टाइम’, ‘होम’. मग ‘हॅव’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’ यांत ‘ई’ असूनही स्वर ऱ्हस्व कसा? – एक पालक, डोंबिवली

उत्तर : वर आलेल्या ‘यू’ आणि ‘व्ही’च्या गोष्टीचाच हा दुसरा भाग आहे. मध्ययुगात आणि छपाईच्या पहिल्या दीडशे वर्षांत ‘व्ही’चा टोकदार आकार शब्दाच्या सुरुवातीला वापरत आणि गोलसर ‘यू’ मध्ये वापरत. उच्चार स्वराचा आहे की व्यंजनाचा, याच्याशी आकाराचा संबंध नसे. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘अपॉन’ हा शब्द ‘व्ही’ने सुरू होतो आणि ‘लव्ह’, ‘हॅव’ यांच्या पोटात ‘यू’ आहे. अशा लेखनात ‘हॅव’मधला शेवटचा ‘ई’ काढून टाकला, तर ‘एच-ए-यू’ उरते आणि वाचणारा ‘यू’ला स्वर समजून ‘हाउ’ किंवा ‘हॉ’ असे काहीतरी वाचतो. हा ‘ई’ पूर्वी उच्चारला जात होता. उच्चारातून तो गेल्यावरही लेखणीने त्याला जाऊ दिले नाही, कारण ‘मागचा यू हा व्यंजन आहे’ अशी खूण तोच करत होता. ‘यू’ आणि ‘व्ही’ यांची कायमची वाटणी सतराव्या शतकात झाली, तेव्हा खरे तर या खुणेची गरज संपली होती. तोवर डोळ्यांना सवय झालेली होती. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी शब्दकोशातही ‘यू’ आणि ‘व्ही’चे शब्द एकत्र मिसळलेले आहेत, इतकी ही जुनी समजूत चिवट होती.

‘डिनर’, ‘समर’, ‘हॅमर’ यांत मधले व्यंजन जोडीने येते, मग ‘नेव्हर’, ‘सेव्हन’, ‘रिव्हर’, ‘कव्हर’ यांत ‘व्ही’ एकटाच का, असे मुलांनी विचारले तर त्याचेही उत्तर इथेच आहे. दोन ‘यू’ शेजारी लिहिले की तो ‘डब्ल्यू’ होतो, आणि त्या अक्षराचे नावच मुळी ‘डबल यू’ आहे.

प्रश्न : इंग्लंडच्या प्रवासात जुन्या धाटणीच्या खानावळींवर ‘ये ओल्ड’ अशा पाट्या पाहिल्या. पूर्वी इंग्रज ‘द’ऐवजी ‘ये’ म्हणत असत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : म्हणत नसत. ‘थ’ आणि ‘द’ या दोन्ही उच्चारांसाठी जुन्या इंग्रजीत ‘थॉर्न’ नावाचे स्वतंत्र अक्षर होते : उभा दांडा आणि त्याच्या मधोमध पोट. कालांतराने त्याचा दांडा वरच्या बाजूने आखूड होत गेला, पोट वरून उघडे पडू लागले आणि अनेकांच्या हस्ताक्षरात ते हुबेहूब ‘वाय’सारखे दिसू लागले. विल्यम कॅक्स्टनने १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा छपाईचे तंत्र आणि खिळे (छपाईची धातूची अक्षरे) युरोपच्या मुख्य भूमीवरून आले होते. तिकडच्या भाषांना थॉर्नची गरज नव्हती, त्यामुळे त्याचा खिळा पेटीत नसे. पुढे मुद्रकांनी बहुतेक ठिकाणी ‘टी-एच’ जुळवले. ओळीत जागा अपुरी पडली की ‘वाय’ आणि त्याच्या डोक्यावर बारीक ‘ई’ असे संक्षिप्त रूप बसवले. किंग जेम्स बायबलच्या मूळ छपाईतही ते आढळते. वाचणारे ते ‘द’ असेच वाचत. पाटीवरचा ‘ये’ हा उच्चार फार नंतरच्या लोकांनी अक्षरावरून काढलेला आहे.

असेच स्कॉटलंडात ‘योख’ या अक्षराचे झाले. त्याचा आकार शेपटी असलेल्या तीनच्या आकड्यासारखा; खिळा नसला की मुद्रक त्या जागी ‘झेड’ बसवत. म्हणून ‘मेन्झीज’ असे लिहिले जाणारे स्कॉटिश आडनाव जुन्या पद्धतीने ‘मिंगिस’ असे उच्चारतात. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीज यांचे आडनाव आपण ‘झ’नेच ऐकले, कारण तिथे छापील अक्षर जिंकले. इंग्लंडात योखची जागा बहुतांशी ‘जी-एच’ने घेतली. ‘नाइट’, ‘लाइट’ यांतले हे मुके ‘जी-एच’ एकेकाळी घशातून, ‘ख’च्या जवळ, उच्चारले जात होते.

लेखणीवर नको तो आळही घेऊ नये. ‘डेट’ (कर्ज) या शब्दातला मुका ‘बी’ लहियांच्या वळणाने आलेला नाही. मध्ययुगीन इंग्रजीत तो शब्द ‘बी’शिवायच लिहीत; लॅटिन ‘डेबिटुम’शी नाते दाखवण्यासाठी पंडितांनी तो नंतर घातला.

प्रश्न : आपल्या मोडीतही अक्षरे लावताना अशीच दमछाक होते. मोडीच्या वळणाचा मराठी शुद्धलेखनावर असा परिणाम का झाला नाही? – मोडी शिकणारा एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : मोडी ही वेगाची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचे. शब्द तोडायचे नाहीत आणि इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेदही सहसा करायचा नाही. तिचे वळण शुद्धलेखनात मुरायचे, तर पुस्तकेही मोडीत छापली जात राहायला हवी होती. तसा आरंभ झालाही होता : विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१०मध्ये श्रीरामपूरला (बंगालमधल्या) मोडी खिळ्यांनी छापला गेला. पुढे मात्र मराठी छपाईने बाळबोध स्वीकारली, जिच्यात ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवण्याची सोय पोथ्यांच्या काळापासून होती. मोडी दप्तरात आणि पत्रांत राहिली, छापील शब्दाचे रूप तिने ठरवले नाही. इंग्लंडात याच्या उलट घडले. ज्या हस्ताक्षराने वाचकांना अडचण होत होती, त्याच हस्ताक्षरातल्या तडजोडी खिळ्यांत उतरल्या.

‘ओ’च्या युक्तीला आपल्याकडचे जवळचे उदाहरण हवे असेल, तर ते बाळबोधीतच आहे. ‘ख’ हे अक्षर पूर्वी ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखे लिहीत, त्यामुळे ‘खा’ आणि ‘रवा’ एकसारखे दिसत. यावर उपाय म्हणून ‘र’चा पाय लांबवून ‘व’च्या दांड्याला खालून जोडण्यात आला. इंग्रज लहियाने अशाच पेचात शब्दातले अक्षर बदलले. आपण अक्षर तेच ठेवून त्याचा आकार बदलला. आकार सुधारण्याचा मार्ग इंग्रजीनेही एका जागी घेतला आहे : ‘आय’ ही एकटी रेघ गर्दीत हरवू नये म्हणून लहियांनी तिच्यावर आधी बारीक तिरपी रेघ आणि नंतर टिंब दिले. आपल्या मोडीच्या वहीत ‘ख’ कसा येतो आणि ‘र’, ‘व’ कसे येतात, ते एकदा शेजारीशेजारी लिहून पाहावे.